‘वाटते’ नावाचा सिग्नल

मरोदा, भिलाई
९ जून २०२४

दादा,

फोन तू कापतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. फोन बोटानं कापता येतो. पाकीट हातात घेऊन फाडावं लागतं. आणि आलेलं टपाल न वाचता टाकून द्यायची आपल्या घरी रीत नाही. चुकून दुसऱ्याच्या नावाचं पत्र आलं तर बाबा सायकल काढून पोचवायला जायचे. तेव्हा तू हे वाचशील, मला ठाऊक आहे. वहिनीला उगाच सांगू नकोस की चुलीत घातलं म्हणून. तुमच्याकडे चूल राहिलीय कुठे.

तू तुमसरभर सांगत फिरतो आहेस की नलूनं माझा शब्द पाडला. आधी होकार दिला, मग लेकीनं नाक मुरडलं तशी पलटली. दादा, मी होकार दिला कधी?

आठव जरा. एप्रिलमध्ये तुझ्या घरी बैठक होती. गोंदियाचे पाहुणे, म्हणजे हर्षल आणि त्याचे आईवडील. आमच्याकडून मी एकटी, कारण यांना शिफ्टमधून सुटी मिळाली नव्हती. आणि जिच्या लग्नाची बोलणी चालली होती ती माझी ऐश्वर्या तिकडे रेल्वेच्या ट्रेनिंगमध्ये. तिला कोणी विचारलंही नव्हतं. हर्षलची आई म्हणाली, "पोरगी पसंत हाये आमाले. फक्त ते इंजन चालवणं सोडावं लागन." तू माझ्याकडे वळलास. "काय म्हणतं, नलू?"

मी म्हणाले, "सोडन वाटते."

तू मांडीवर थाप मारलीस, "झालं, मायचा होकार हाये," आणि वहिनीनं लगेच पेढे फिरवले. पेढा तोंडात असताना माणूस काय बोलणार?

मला व्याकरण तूच शिकवलंस. ‘सोडन वाटते’ याचा अर्थ ‘सोडेल’ असा कुठल्या पुस्तकात आहे ते पान मला दाखव. ‘वाटते’ म्हणजे माहीत नाही. ‘वाटते’ म्हणजे विचारून सांगते. आणि माझ्या तोंडात तर त्याला तेवढाही अर्थ नाही, वाक्य संपलं की ते आपोआप मागून बाहेर पडतं. पाऊस आला वाटते. दूध नासलं वाटते. टायफॉइड झाला तेव्हा मी डॉक्टरला सांगितलं होतं, ताप आहे वाटते. माझं लग्न ठरताना तू विचारलंस, मुलगा आवडला का, तर मी म्हणाले, आवडला वाटते. तो खरंच आवडला होता हे माझं नशीब.

हे आईचं देणं. तिनं मला परकर सावरायला शिकवलं त्याच सुमारास हेही शिकवलं. "बाईच्या जातीनं ठासून बोलू नाई नले. मांगं वाटते लावत जाय, म्हणजे कोणाले झोंबत नाही." मी तिला दोष देत नाही. बाबांना ‘आज शेतात जाऊ नका’ म्हटलं तर ते मुद्दाम जायचे, आणि ‘आज पाऊस येते वाटते’ म्हटलं तर थांबायचे. तिच्या घरात तो शब्द कामाचा होता.

नाही म्हणाली ती ऐश्वर्या, आणि तिच्या तोंडानं म्हणाली. मी तिला सांगून पाहिलं नाही असं नाही. मुलगा चांगला आहे, विचार कर, म्हटलं. "आई, दो साल पढ़ी मैं इसके लिए. नाही सोडणार." मग मी तो विषय सोडला. पण ती नाही म्हणाली तेव्हा मला आतून आनंद झाला होता, हेही आता ऐकून ठेव.

ती आता चरोद्याला असिस्टंट ड्रायव्हर म्हणून रुजू झाली आहे, मालगाडीवर. तिचे बाबा नोकरीला लागले तेव्हापासून स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये आहेत. बाप रूळ बनवतो, लेक त्याच्यावर गाडी हाकते. असं दुसरं घर तुमसरात असेल तर नाव कळव.

नलू


मरोदा
१४ जुलै

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. लहानपणी तू रुसून माळ्यावर जाऊन बसायचास, तेव्हाही मी खालून बोलतच असायचे.

भाचीची एक गोष्ट मामाला माहीत असावी म्हणून सांगते. इंजिनमध्ये दोघं असतात, मोठा ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की दोघांनीही हात वर करून तो मोठ्यानं म्हणायचा. एकानं ‘ग्रीन’ म्हटलं की दुसऱ्यानंही ‘ग्रीन’ म्हणायचं. नुसतं डोळ्यांना दिसून भागत नाही. तोंडानं म्हणायचं आणि आपल्याच कानांनी ऐकायचं, म्हणजे डोकं जागं राहतं. ऊन असो, पाणी असो, एकही सिग्नल मुक्यानं सोडायचा नाही.

तिच्या वाट्याला ओमप्रकाशजी नावाचे मोठे ड्रायव्हर आले. दुर्गचे आहेत, रिटायरमेंट जवळ आलेली, बोलणं मोजकं. पहिला सिग्नल आला. आपल्या पोरीनं हात वर केला आणि काय म्हणाली असेल? "ग्रीन लग रहा है, सर."

घरात मराठी आणि बाहेर हिंदी, पण शेपूट तेच. ओमप्रकाशजींनी मान वळवली. "लग रहा है? ये कौन सा सिग्नल है, बेटी? इतने साल में हमने तो देखा नहीं."

पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. शेवटी ते म्हणाले, "बेटी, पीछे इतनी बड़ी गाड़ी लगी है, वो लग रहा है पे नहीं चलती."

घरी आली ती बूट न काढता माझ्यासमोर उभी राहिली. "आई, ही बीमारी तुझ्याकडून आली मले. तू वाटते-वाटते करतं, मैं लग रहा है, लग रहा है. एक ही बात है."

मला राग आला. आईच्या शब्दाला बीमारी म्हणते. तावातावानं भात लावायला गेले, आणि थोड्या वेळानं कुकरलाच म्हणाले, "शिट्ट्या झाल्या वाटते." शिट्ट्या मीच मोजल्या होत्या. मग मलाच हसू आलं.

दादा, तुला एक सांगते. स्वयंपाकघरात एकटी असले की मी भांड्यांशी बोलते. त्यांच्याशी बोलताना मी कधी वाटते लावत नाही. ‘ती साडी मला नकोच होती.’ ‘जाऊबाई खोटं बोलली.’ सगळं ठणठणीत. आणि स्वतःला बोलतानाही लावत नाही. दूध उतू गेलं, किल्ली विसरली, की लगेच, ‘नले, तू बयताड आहेस. तुला एक काम धड जमत नाही.’ तिथे कसला संशय नाही. म्हणजे स्वतःला शिव्या द्यायच्या तेव्हा मी एकदम ठाम, आणि माणसांना दूध नासलं एवढं सांगायचं तर मला धडकी भरते. हे माझ्या ध्यानात यायला डोक्याचे केस पांढरे व्हावे लागले.

तेव्हापासून घरात ऐश्वर्याचा कायदा चालू आहे. "हात वर कर, आई. आता बोल." गॅस बंद. मोटर बंद. पूर्वी घराबाहेर पडले की मी कोपऱ्यावरून परत यायचे कुलूप ओढून पाहायला, तुला ठाऊक आहे, तू किती चिडायचास. आता दारात उभी राहून हात वर करते, ‘कुलूप लागलं’ म्हणते आणि चालू लागते. समोरच्या टीनाला पहिल्या दिवशी वाटलं, मी तिलाच हाक मारली, आणि ती बिचारी गेट उघडून बाहेर आली. भाजीवाल्याला मी म्हटलं, "भेंडी जून आहे, नको." तर तो म्हणाला, "का होगे दीदी, आज बड़ गुस्सा म हस?" राग कसला, भेंडी जूनच होती.

आमचे हे दोन दिवस मुकाट्यानं पाहत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना यांनी हात वर केला आणि म्हणाले, "मीठ कमी." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, यांना मीठ जास्त लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

नलू


मरोदा
२५ ऑगस्ट

दादा,

वहिनीचा फोन आला. मी टपालानं पाठवलेली राखी बांधलीस की नाही ते रत्नमाला वहिनीनं सांगितलं नाही, तुझी अट मात्र सांगितली. ऐश्वर्यानं नोकरी सोडून गोंदियाला हो म्हटलं तर तू भाऊबीजेला माझ्या दारी येणार. नाही तर यापुढे कधीच येणार नाहीस.

मला तू एकच भाऊ आहेस. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून एकही भाऊबीज तू चुकवलेली नाहीस. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी हिरवी पट्टी बांधून आलास, वहिनी नको नको म्हणत असताना. पाटावर बसलास की विचारतोस, "काय नले, बरं हाये न?" दुसरं काही बोलत नाहीस, पण त्या एका वाक्यावर माझं वर्ष निघतं.

आणि मग माझ्या तोंडून निघायचं ते निघालं. "समजावतो तिले, वहिनी. ऐकन वाटते."

एवढे दिवस भेंडीवाल्यापुढे वाघीण झाले होते. तुझं नाव निघालं की मी परत परकरातली नली होते. फोन ठेवला आणि कुकरला म्हणाले, ती ऐकणार नाही, आणि तिनं ऐकूही नये. पण कुकर काही तुमसरला निरोप नेत नाही. म्हणून लिहून सांगते आहे.

ती ऐकणार नाही. मी तिला समजावणार नाही. गोंदियाच्या लोकांना काही कळवू नकोस आणि त्यांना घेऊन येऊ नकोस. वहिनीला फोनवर बोलले ते सोड. हे धर.

तू मात्र ये. अट घरी ठेवून ये.

नलू


मरोदा
२२ सप्टेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहून आधी आनंद झाला, मग वाचलं. ‘पत्र मिळालं. रत्नमालाला तू फोनवर हो म्हटलं आहेस. बाई कागदावर काहीही लिहिते. मी तोंडचं धरतो. पितृपक्ष सरला की नवरात्रातल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन येतो.’ खाली सही, गुलाबराव. बहिणीला सही करतोस, तहसीलदार असल्यासारखी.

राग इतका आला की कार्ड डब्याखाली दाबून ठेवलं. मग काढून परत वाचलं. तोंडचं धरतोस ना? ठीक. ये. तोंडानं सांगते.

हे लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मी घाबरले आहे. तू समोर बसलास, आवाज चढवलास, की माझ्या तोंडात आईची जीभ येते. आणि मी नाही म्हटल्यावर तू उठून गेलास तर पाटावर कोण बसणार, हे मला रोज भाजी चिरताना आठवतं. भाऊ जाईल या भीतीनं लेकीची नोकरी घालवू का, आणि लेकीसाठी भाऊ घालवू का, असं मी वरणाच्या पातेल्याला विचारते. त्याला काय कळणार.

बरं, ते राहू दे. परवा ओमप्रकाशजी आमच्याकडे चहाला आले होते. इकडे कोणाकडे तरी आले होते, म्हणून आमचं घर शोधत आले. ऐश्वर्या घरात होती, तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता पोरीची तक्रार येणार. ते यांच्याशी बोलत होते पण नजर माझ्याकडे.

"केवलराम जी, उस दिन दुर्ग से आ रहे थे. शाम का टाइम, पीछे से सीधी धूप सिग्नल के काँच पर. मैंने कहा, यलो. बेटी ने हाथ उठाया, बोली, रेड. मैंने फिर कहा, यलो. ये फिर बोली, रेड, और पहले से ज़ोर से."

हे पुढे सरकून बसले. "मग?"

"मग क्या. नियम है, दो जन की बात नहीं मिली तो जो रोकता है उसकी मानो. गाड़ी रोक दी. धूप हटी तो देखा, रेड ही था."

त्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली. "तीस साल पुराना ड्राइवर बगल में बैठा है, दो बार यलो बोल रहा है, और नई लड़की रेड पे अड़ी है. इसके लिए कलेजा लगता है. मैंने लॉबी में सबको बोला."

लॉबी म्हणजे ड्रायव्हर लोक ड्यूटीवर चढताना जिथे सही करतात ती जागा. तिथे सगळ्यांना बोलले. आणि ही मुलगी घरी येऊन एक अक्षर बोलली नव्हती. ते गेल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मुंह तक आया था आई, लग रहा है. गिळून टाकलं."

दादा, माझी छाती फुगली. मी तुला हे ऐकवायलाच पत्र लिहिते आहे, बाकी सगळं निमित्त. मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, त्याचा मान ठेवून, तो चुकतो आहे हे दोनदा मोठ्यानं सांगणारी मुलगी माझ्या पोटची आहे. शेजाऱ्यांना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. आता तुला सांगितलं.

रविवारी ये.

नलू


मरोदा
८ ऑक्टोबर

दादा,

परवा काय झालं ते तू पाहिलंस, पण तू बैठकीत बसला होतास. स्वयंपाकघरात काय झालं ते तुला ठाऊक नाही.

ऐश्वर्याला ड्यूटी लागली होती. "मैं छुट्टी ले लूँ?" विचारत होती. मी म्हटलं, तू जा. बोलणं माझ्या तोंडून गेलं, निस्तरणार मी. हे पाहुण्यांजवळ बसले होते आणि घशात पाणी अडकल्यासारखे खोकत होते. तू हर्षलच्या वडिलांना प्लांटच्या गोष्टी सांगत होतास, जसा काही तूच तिथे नोकरीला आहेस. मी आत चहा करत होते.

डबा उघडताना साखर सांडली. लगेच तोंडातून आलं, ‘नले, तू बयता—’ आणि मी तिथेच थांबले. पुरा शब्द बोलले नाही. म्हटलं, आज नलीला घाबरवायची वेळ नाही, आज हिच्याकडून काम करून घ्यायचं आहे. मग हात वर केला. गॅस बंद. चहा गाळला. साखर सांडली, पुसली. आवाज थोडा स्थिर झाला तशी पुढचंही म्हणाले. ऐश्वर्या नोकरी सोडणार नाही. हे लग्न होणार नाही. मी होकार दिला नव्हता.

दार बंद आहे असं मी धरून चालले होते. ते नुसतं लोटलेलं होतं.

बैठकीतून तुझा आवाज आला, "नलू, अंदर कोणासंग बोलून राहिली?"

दादा, तू मला वाट काढून देत होतास, ते मला कळलं. ‘काही नाही, टीव्ही लागला वाटते’ एवढं म्हटलं असतं तर पाहुण्यांनीही मान हलवली असती आणि सगळ्यांनी मिळून ते ऐकलंच नाही असं ठरवलं असतं. आपल्या घरात असंच चालत आलं आहे. माझी जीभ वळलीही होती तशी. पण कानांनी ऐकलेलं होतं ना मी, माझ्याच आवाजात. ते आता खोटं कसं पाडणार?

ट्रे घेऊन बाहेर आले. तुझ्यासमोर उभी राहिले. "माह्यासंगच बोलून राहिली होती, दादा. आता तुमाले सगळ्यायले सांगतो." आणि तीच तीन वाक्यं परत म्हणाले, पाहुण्यांकडे पाहून. आवाज कापत होता, पण एकही शब्द कमी-जास्त केला नाही. तू मधे म्हणालास, "असं पाहुण्यायसमोर—" आणि मी तुला म्हणाले, "थांब दादा, मले पूर्ण बोलू दे." असं तुला मी जन्मात बोलले नव्हते. तूही थांबलास. मला ते आवडलं, की तू थांबलास.

मग हे म्हणाले, "नलू म्हणते तेच." चारचौघांत यांनी माझं नाव घेतलं ती ही पहिलीच वेळ. एरवी ‘ऐकतं का’ पलीकडे जात नाहीत.

हर्षल बरा मुलगा आहे. त्यानं खाली मान घालून "ठीक आहे काकू" म्हटलं आणि त्याची सुटका झाल्यासारखा बसला; कुणास ठाऊक, त्यालाही कोणी विचारलं नसेल. त्याची आई चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. "बरं केलं बाई, आत्ताच सांगितलं," म्हणाली. चिवडा कागदात बांधून मागितला तिनं. मी दिला.

तू काही खाल्लं नाहीस. फाटकाशी मला म्हणालास, "तू मले तोंडघशी पाडलं, नलू." मी म्हणाले, "पाडलं. पाहुण्यायले आणू नको म्हणून लिहिलं होतं." तू पाठ फिरवलीस. पाहुणे पुढे गेले होते आणि तू मागून एकटा चालत होतास, उजवा पाय थोडा ओढत. गुडघा परत दुखतो आहे ना तुझा? पाठीमागून हाक मारावी असं फार मनात आलं. मारली नाही, कारण हाक मारली असती तर मागून माफी गेली असती, आणि माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही.

दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला माझा अभिमान आहे, दादा. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं, बाईनं असं लिहू नये असं आईचा आवाज म्हणत होता. तरी ठेवलं.

आता भाऊबीजेचं. मी पाट मांडणार आहे. तू येणार आहेस का? वहिनीकडून निरोप नको. ‘पाहतो’, ‘जमलं तर’, ‘देवाची इच्छा’ यातलं काही नको. हो म्हण नाही तर नाही म्हण. मी दोन्ही ऐकून घेईन.

नलू


मरोदा
४ नोव्हेंबर

दादा,

तू स्वतः फोन केलास. एप्रिलपासून पहिल्यांदा. नंबर पाहून मी हातातलं पीठ तसंच फोनला लावलं. तू म्हणालास, "नलू, यंदा मी नाही येत. मले राग हाये." आणि मी काही बोलायच्या आत ठेवून दिलास.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. यांनी पाणी आणून दिलं. मी दोन्ही ऐकून घेईन असं ऐटीत लिहिलं होतं, पण ऐकून घेणं असं असतं हे मला माहीत नव्हतं.

रडून झाल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. तुझा राग मी जन्मभर पाहत आले. तू ताटावरून उठायचास, माळ्यावर जायचास, फोन कापायचास, वहिनीच्या हाती अटी पाठवायचास, आणि आम्ही सगळ्यांनी ओळखत बसायचं की दादाला आज काय झालं. ‘मले राग हाये’ हे तू तुझ्या तोंडानं आजवर कधी, कोणालाही म्हटलेलं नाहीस. बाबांनीही नव्हतं म्हटलं. ते तू मला म्हणालास. इतकी मोठी गोष्ट तू माझ्या दारी आणून ठेवलीस, आणि पहिल्या झटक्यात मला फक्त ‘नाही येत’ एवढंच ऐकू आलं.

काल भाऊबीज झाली. पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर कोणी बसलं नाही. दिवेलागणीला अंगणात गेले आणि आपल्याकडे भाऊ दूर असला की करतात तसं चंद्राला ओवाळलं. कोर बारीक होती, टीनाच्या टाकीच्या वर जरा दिसली तेवढीच. ऐश्वर्या ड्यूटीवर निघाली होती, अंगात युनिफॉर्म, पाठीला बॅग. ती माझ्या शेजारी थांबली. म्हणाली, "आई, मामांचं नाव घे न. मन में क्यों बोल रही है?"

खरंच की. ओवाळताना आपण बायका सगळं मनातल्या मनात म्हणतो. मी मोठ्यानं म्हणाले, "गुलाबराव, माझा भाऊ. त्याचा गुडघा बरा होऊ दे. त्याला उदंड आयुष्य मिळू दे." टीना आपल्या फाटकात उभी होती, तिनं ऐकलं. आणखी दोन घरांनी ऐकलं असेल. ऐश्वर्या माझ्या पाया पडली आणि स्कूटर काढून चरोद्याला गेली.

माझंही ऐकून ठेव. मलाही तुझा राग आहे. माझ्या लेकीला एकदाही न विचारता तिचं आयुष्य पेढ्याबरोबर वाटून टाकलंस, त्याचा राग आहे. आणि माझा तुझ्यावर जीव आहे. तू फोन ठेवलास तरी आहे, पाठ फिरवून गेलास तेव्हाही होता. एकामुळे दुसरं कमी होत नाही, मी दोन्ही पाहिलं आहे.

तू म्हणालास, यंदा येत नाही. यंदा म्हणालास, दादा. पुढच्या वर्षीचं तू नाही म्हणालेला नाहीस, आणि मी नीट ऐकलं आहे.

नलू